कौलारू घराचा विमा : कार्पेट एरियात न मावणारं घर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरच्या बाजूला, समुद्रापासून साधारण दीडशे मीटरवर पणजोबांच्या काळातलं कौलारू घर. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, पुढे-मागे पडवी, सागवानी खांब. हिस्सेदार सहा, सगळे मुंबई-पुण्याला किंवा परदेशात, त्यामुळे वर्षातले बरेच महिने घर बंद. विम्याचा एजंट म्हणतो, "एवढ्या जुन्या घराचा विमा होत नाही. कौलं उतरवून स्लॅब टाका, मग बघू." दोन हिस्सेदारांना ते पटलंय. स्लॅब न टाकता विमा होईल का, आणि किती रकमेचा घ्यावा?

विमा होतो. त्यासाठी स्लॅब टाकायची गरज नाही. खरी अडचण घराच्या वयात नसून मोजमापात आहे. आजची पॉलिसी घर कार्पेट एरियावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रावर मोजते, आणि कोकणातल्या जुन्या घराची किंमत असते भिंतीत, छपरात आणि पडवीत, म्हणजे कार्पेट एरियात जे धरलं जात नाही किंवा नावापुरतं धरलं जातं त्यात.

घर विमायोग्य आहे का, ते आधी बघू. १ एप्रिल २०२१ पासून राहत्या घरांसाठी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. मूळ मसुदा सगळीकडे एकच. अमुक वर्षांपेक्षा जुनं घर वगळलं आहे, असं त्यात कुठेही नाही. मात्र प्रस्ताव स्वीकारायचा की नाही हे कंपनी ठरवते, आणि जुनी इमारत म्हटल्यावर काही कंपन्या तपासणी किंवा इंजिनिअरचा दाखला मागतात. तो द्यावा. 'होत नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'एवढ्याशा कमिशनसाठी मी कागद फिरवणार नाही' असा असतो.

दुसरी शंका 'कच्चं घर' या शब्दाची. विम्याच्या भाषेत कच्चं म्हणजे ज्याच्या भिंती किंवा छप्पर फळ्या, गवत, झावळ्या, बांबू, ताडपत्री असल्या वस्तूंचं आहे ते. चिऱ्याची भिंत आणि मंगलोरी कौलं या व्याख्येत बसत नाहीत. आवारातला झावळ्यांचा मांगर (गुरांसाठी-सामानासाठीचं खोपटं) बसतो. प्रस्ताव अर्जात घर आणि मांगर वेगळे दाखवा, नाहीतर मांगरापायी घरालाही कच्च्याचा शिक्का बसतो.

आता मोजमाप. या पॉलिसीत इमारतीची विमारक्कम = कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये × बांधकामाचा चालू दर. कार्पेट एरियात बाहेरच्या भिंतींखालची जागा येत नाही आणि पडवी, व्हरांडा, बाल्कनी यांचं क्षेत्र फक्त २५ टक्के धरलं जातं. फ्लॅटसाठी हे ठीक आहे. आपल्या घरात याने काय होतं, ते आकड्यात पाहा.

घराचा मुख्य भाग बाहेरून १० × ९ मीटर, भिंती ४० सेंटिमीटर जाड. आतून उरतं ९.२ × ८.२, म्हणजे सुमारे ७५.५ चौरस मीटर. नुसत्या भिंतींखाली साडेचौदा चौरस मीटर गेले. पुढची आणि मागची पडवी प्रत्येकी १० × २.५, मिळून ५० चौरस मीटर, त्यातले धरले जातात १२.५. एकूण कार्पेट एरिया ८८. आता छप्पर मोजा. दोन्ही पडव्यांसह १० × १४ मीटर, चारी बाजूंना पाऊण मीटर पागोळ्या, म्हणजे सपाट मापाने ११.५ × १५.५ = १७८ चौरस मीटर. तीस अंशांच्या उताराने प्रत्यक्ष पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, भरतात सुमारे २०६ चौरस मीटर. चौरस मीटरला १५ कौलं धरली तर ३,०९० कौलं, मोडतोडीचे दहा टक्के मिळवून ३,४०० आणि कोने (आढ्यावरची कौलं) वेगळे. घर ८८ चौरस मीटरचं आणि छप्पर २०६ चं! तुळया, वासे, रिपा, कौलं हा सगळा खर्च त्या ८८ वर बसवायचा आहे.

एजंट साधारण बांधकामाचा एखादा दर लावून मोकळा होतो. हिशोबापुरता तो २०,००० रुपये चौरस मीटर धरा. विमारक्कम झाली १७.६ लाख. तेच घर तसंच उभं करायला समजा ३८ लाख लागणार असतील, तर योग्य दर ३८ लाख भागिले ८८, म्हणजे सुमारे ४३,२०० रुपये. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. पद्धत मात्र हीच ठेवा : आधी पुनर्बांधणीचा अंदाजपत्रकी खर्च काढा, मग त्याला कार्पेट एरियाने भागून दर लिहा. दर विमेदाराने सांगायचा आणि कंपनीने मान्य करायचा, अशीच तरतूद आहे. तो पटवायला अंदाजपत्रक हवं. जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या आर्किटेक्टकडून किंवा इंजिनिअरकडून ते करून घ्या आणि त्यात बाबी सुट्या मांडायला सांगा : पाया व जोतं, चिऱ्याचं काम, चुन्याचा गिलावा, लाकूड घनफुटात आणि जातीसह, कौलं, दारं-खिडक्या, जमीन, वीज-नळ, वाहतूक. 'जुन्या पद्धतीचं घर, एकरकमी' अशा ओळीचा दाव्याच्या वेळी उपयोग शून्य. जमिनीची किंमत यात कुठेही येत नाही. समुद्रकाठच्या गुंठ्याचा भाव कितीही असो, विमा बांधकामाचा असतो.

गोव्यातल्या जुन्या घरांना हाच हिशोब आणखी कडक लागतो. तिथला बलकांव (दारापुढचा बसायचा ओटा) पडवीच्याच हिशोबात जातो, आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या करणारा कारागीर मिळवणं हाच मोठा खर्च.

विमारक्कम कमी राहिली तर काय होतं? इथे या पॉलिसीची एक फार चांगली बाजू आहे. पूर्वी निम्म्या किमतीचा विमा असेल तर नुकसानीचीही निम्मीच भरपाई मिळायची. आता ही कपात रद्द झाली आहे. वादळात छपराचं नऊ लाखांचं नुकसान झालं, तर विमारक्कम १७.६ लाख असली तरी मान्य खर्चाचे नऊ लाख मिळू शकतात. फटका बसतो तो घर पूर्ण गेल्यावर. आग लागली, किंवा मोठं झाड आढ्यावर पडून भिंतीही फाटल्या, की विमारकमेपलीकडे एक रुपया मिळत नाही. जुन्या लाकडी घराला आगीत 'अर्धं नुकसान' क्वचितच होतं, हे ध्यानात घेऊन आकडा ठरवा.

क्षेत्र मात्र खरं लिहा. आणि पुढे पडवी भिंती घालून बंद केली तर कंपनीला कळवा. वरच्या घरातली एक पडवी बंद करून खोल्या काढल्या, की जे २५ चौरस मीटर सव्वासहा म्हणून धरले होते ते पूर्ण २५ होतात. ८८ चं क्षेत्र जवळपास १०७ वर जातं, म्हणजे २१ टक्के वाढ. दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ आधी कळवून, जादा हप्ता भरून पॉलिसीत नोंदवली नसेल, तर त्या वाढीव भागाला संरक्षण नाही. पडवी बंद करणं हे कोकणातलं सर्वांत सर्रास होणारं फेरफाराचं काम आहे, आणि त्याबद्दल कंपनीला पत्र लिहिणारा माणूस विरळा.

पॉलिसीत काय येतं : आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, पाणी शिरणं, दरड, झाड किंवा वाहन आदळणं, टाकी-नळ फुटणं, दंगल. काय येत नाही हे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं. किनाऱ्याची धूप येत नाही. मसुद्यात जमीन खचण्याचं कलम आहे, पण त्यातून किनारा किंवा नदीकाठ झिजणं स्पष्ट वगळलं आहे. वादळात लाटांचं पाणी घरात घुसलं, तर दावा होतो. समुद्राने चार पावसाळ्यांत गडग्याखालची (आवाराच्या दगडी कुंपणाखालची) वाळू नेली आणि गडगा आडवा झाला, तर होत नाही. घर वाळूच्या पुळणीवर असेल तर हा धोका विम्यावर टाकता येत नाही. त्याला बंधारा, केवडा-उंडीची रांग, नाहीतर नशीब. वाळवी, ओल, कुजलेले वासे, नेहमीच्या पावसातली गळती यांचंही तेच : ती झीज आहे, अपघात नव्हे.

म्हणून 'झीज' आणि 'वादळ' यांतली रेघ तुमच्या बाजूने आखून ठेवणारे पुरावे आधीच जमवायचे असतात. कोकणात दरवर्षी पावसाआधी घर शाकारतात, म्हणजे कौलं काढून, बदलून पुन्हा रचतात. त्याच आठवड्यात फोटो काढा. दोन्ही पाखी बाहेरून, माळ्यावरून आढं आणि वाशांची टोकं, चारी कोपरे, जोतं, प्रत्येक खोलीची तक्तपोशी. शाकारणीची मजुरी रोखीत दिली तरी साध्या कागदावर तारीख, बदललेल्या कौलांची संख्या आणि सही घ्या. वाळवीच्या फवारणीचं बिल जपा. सर्वेअर (नुकसान तपासायला कंपनी पाठवते तो) आल्यावर त्याच्यापुढे दोनच शक्यता असतात : सुस्थितीतलं छप्पर वाऱ्याने उडालं, किंवा आधीच खिळखिळं झालेलं खाली आलं. मे महिन्यातले फोटो नसले, की दुसरी शक्यता त्याला सोपी पडते.

स्लॅबचा आग्रह का चुकीचा, तेही सांगतो. चिऱ्यांच्या जुन्या भिंती चुन्यात किंवा मातीत रचलेल्या असतात आणि त्या छपराच्या वजनाइतक्याच बेताच्या. मंगलोरी कौलांचा भार चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो, शिवाय लाकूड. पाच इंची काँक्रीट स्लॅबचा भार तीनशे किलोंच्या पुढे. त्यात खाऱ्या हवेत सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. कौलांऐवजी पत्रे टाकणंही वाऱ्याच्या दृष्टीने सुधारणा नाही. कौलांच्या फटींतून हवेचा दाब थोडा सुटतो आणि कौलं सुटी सुटी उडतात. पत्रा हलका, अखंड, आणि सुटला की बरोबर रीप-वासा घेऊन जातो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा शंभर-एकशेदहा किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात पत्र्यांची गत सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर कौलं मिळेनात, हाही धडाच. माळ्यावर दीडदोनशे जादा कौलं त्याच छापाची ठेवा. कारखाना बदलला की खाचा जुळत नाहीत.

छप्पर बांधून घ्यायला फार खर्च येत नाही. वारा पहिल्यांदा पागोळीच्या ओळी, दोन्ही टोकांच्या कडा आणि आढं उचलतो. तेवढ्याच भागातली कौलं, पागोळीपासून तीन ओळी आणि कडांच्या दोन, मागच्या भोकातून तारेने रिपेला बांधा. तार तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची. साधी बांधणीची तार खाऱ्या हवेत लवकरच हातात तुटून येते. वासे भिंतीवरच्या आडव्या लाकडाला पट्टीने जखडा आणि ते लाकूड भिंतीत दोन-तीन फूट खोल उतरवलेल्या सळईला, म्हणजे वाऱ्याला छपराबरोबर चिऱ्यांचं वजनही उचलावं लागेल. कोन्यांखाली निव्वळ सिमेंट भरू नका. ते उन्हात तडकतं आणि त्या फटीतून पाणी थेट आढ्यावर जातं. चुना मिसळलेला माल वापरा. भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करायलाही कोणी सुचवेल. जांभा ओल धरतो आणि सोडतो. सिमेंटने वाट बंद केली की क्षार आतच साठून चिरा भुगा होतो, आणि ते नुकसान पुन्हा 'झीज' या सदरात. आणि हो, घरावर झुकलेला माड पावसाआधी उतरवा. माडाबद्दलची भावना समजते, पण आढं त्याहून महाग आहे.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी अनेक दावे इथेच अडतात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर आजही पणजोबांच्या नावे असेल, तर आधी वारसनोंद करून घ्या. ती होईपर्यंत विमा थांबवायचा नाही. सर्व हिस्सेदारांची नावं विमेदार म्हणून घाला आणि भरपाई कोणत्या खात्यात जमा करायची याचं संमतिपत्र आत्ताच करून ठेवा. एकट्याच्या नावे पॉलिसी असली की त्याचा हिस्सा सहावा आहे हे दाव्याच्या वेळीच कंपनीला आठवतं.

घर बंद असतं हे प्रस्तावात स्वच्छ लिहा. जुन्या आगीच्या पॉलिसीत घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं आणि कंपनीची मंजुरी नसली, तर संरक्षणच थांबत असे. 'वर्षातील अमुक महिने बंद, शेजारी देखरेख करतात' एवढं वाक्य लेखी दिलेलं असलं की पुढे वाद उरत नाही. मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते आणि अशा पॉलिसीत विमारक्कम दर वर्षी आपोआप १० टक्क्यांनी वाढते. सहा हिस्सेदारांच्या घरात नूतनीकरणाची तारीख कोणाच्या लक्षात राहणार, हा विचार करता लांब मुदतच बरी.

घरात पर्यटक ठेवायला सुरुवात केली असेल, तर ही राहत्या घराची पॉलिसी आहे हे विसरू नका. वापर बदलला की कंपनीला कळवा. वेगळी व्यावसायिक पॉलिसी घ्यायला सांगितलं तर तीत वादळ-पुराचं संरक्षण समाविष्ट आहे ना, हे वाचून घ्या.

सामानाचं संरक्षण इमारतीसोबत आपोआप मिळतं : इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख. देवघरातली चांदी, जुनी चित्रं यांसाठी ठरलेल्या किमतीचं ऐच्छिक संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. हस्तलिखितं आणि दस्तऐवज वगळलेले आहेत, तेव्हा पोथ्या आणि जुनी सनद स्कॅन करून घ्या. चोरीचं कलम फसवं आहे. वादळ-आगीसारख्या घटनेनंतर त्यामुळेच सात दिवसांत झालेली चोरी तेवढी धरतात. बंद घराचा कोरीव दरवाजा एरवी कोणी काढून नेला, तर त्याला घरफोडीचा स्वतंत्र विमा लागतो.

किनारा नियमन क्षेत्राचा (सीआरझेडचा) विषय पुनर्बांधणीशी जोडलेला आहे. २०११ आणि २०१९ या दोन्ही अधिसूचनांत, बांधकाम-बंदीच्या पट्ट्यातही अस्तित्वातल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचं क्षेत्र आणि चटईक्षेत्र निर्देशांक न वाढवता. घर पडल्यावर 'जोतं एवढंच होतं' हे सिद्ध करणं जिकिरीचं. म्हणून आजच मोजणी करून जोत्याचा मापांसह नकाशा काढा, त्याला नमुना ८ आणि घरपट्टीच्या जुन्यात जुन्या पावत्या जोडा. हाच नकाशा कार्पेट एरियालाही कामी येतो. आपल्याकडे घरमालकावर विम्याची सक्ती नाही. कर्ज असेल तर बँक मागते, आणि तेव्हा कर्जाच्या रकमेइतका विमा काढून लोक थांबतात. कर्ज पाच लाखांचं म्हणून घर पाच लाखांचं होत नाही.

वादळ येऊन गेल्यावर : आवराआवर करण्याआधी व्हिडिओ घ्या, मग ताडपत्री घाला. पुढचं नुकसान रोखणं तुमची जबाबदारी आहे आणि त्याची बिलं दाव्यात लावा. कंपनीला लगेच कळवा, दाव्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत. फुटकी कौलं सर्वेअर येईपर्यंत अंगणातच ढीग करून ठेवा, त्यांची मोजदाद होते. तलाठ्याचा पंचनामा सही करण्यापूर्वी वाचा. 'जुने व जीर्ण घर पावसात पडले' असं एक वाक्य सरकारी मदतीला चालून जाईल, पण विम्याच्या दाव्याला तेच मारतं. खरोखर वाऱ्याने कौलं उडाली असतील, तर 'वादळी वाऱ्याने' हे शब्द आणि तारीख-वेळ त्यात हवेत.

मंजूर दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आर्किटेक्ट-सर्वेअर यांची फी आणि २ टक्क्यांपर्यंत राडारोडा हटवण्याचा खर्च मिळतो. नऊ लाखांच्या दाव्यावर ४५ हजार आणि १८ हजार. आंब्याचा बुंधा छपरावरून उतरवायला तेवढ्यात भागत नाही, हे धरून चाला. वाचलेल्या मालाची किंमत भरपाईतून वजा होते. जुन्या सागवानाला गिऱ्हाईक असतं, त्यामुळे सर्वेअर ती चढी धरू शकतो. खांब, तुळया, दाराच्या चौकटी आम्हीच ठेवणार आणि पुन्हा वापरणार, हे त्याला पहिल्याच भेटीत लेखी द्या, वजावट तासलेल्या-फाटलेल्या लाकडाच्या दराने व्हावी असं मागा, आणि तेच लाकूड दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात 'जुने, पुनर्वापर' म्हणून फक्त मजुरीसह दाखवा.

दावा नाकारला किंवा कापला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. तिथे समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी आणि गोव्यासाठीही पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं नकाराचं उत्तर हाती आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करा आणि त्याला मे महिन्यातले शाकारणीचे फोटो, सुट्या बाबींचं अंदाजपत्रक आणि जोत्याचा नकाशा जोडा.